बादली क्रमांक बावीस

पहाटे चारला निघावं लागतं. ऊन चढायच्या आत
तीस बादल्या बघून व्हायला हव्यात.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या, रंग विटलेल्या,
दालान्झादगादच्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या,
आणि त्यांना जोडत जाणारी जाळीची बुटकी भिंत.
भिंतीशी आलेला जीव वळसा घ्यायला बघतो,
कडेकडेनं पळत राहतो, आणि पडतो.
एवढंच आमचं शास्त्र.
बाकी नुसतं चालणं.

आठ दिवसांचा हिशेब असा:
सरडे चौसष्ट, त्यांतले साठ एकाच जातीचे,
चपट्या तोंडाचे, शेपटी गुंडाळून रागावणारे.
काळे किडे मोजायचं तिसऱ्या दिवशी सोडून दिलं.
वाळूच्या रंगाचा एक हॅमस्टर, अंगठ्याएवढा,
सेर्गेलेनच्या हातमोज्यातच झोपी गेला.
आणि लांब कानांचा जर्बोआ,
उंदराचं धड, काडीसारख्या तंगड्या, सशाला लाजवतील असे कान,
ज्याच्यासाठी आलो, तो शून्य.
शून्यसुद्धा लिहावं लागतं. रोज, नीट, पेन्सिलीनं.
जागा मोकळी सोडली तर बघितलंच नाही असा अर्थ होतो.

नवव्या पहाटे देजिदमाची शेळी विहिरीत पडली.
देजिदमा मोटारसायकलवर आली, सत्तरीची,
अंगरख्याचा पट्टा बांधायचासुद्धा राहिलेला.
"दोघी आहात, दोर आहे," एवढंच म्हणाली.
विनंती नव्हती ती. गोबीत अशा वेळी
किती वाजले हे कुणी कुणाला सांगत नाही.
सेर्गेलेन कमरेला दोर बांधून उतरली,
आम्ही दोघी ओढत राहिलो,
शेळी वर आली ती शिव्या देत आल्यासारखी,
मग मीठ घातलेला दुधाचा चहा, नाही म्हणता न येणारा,
मग अजून एक वाटी.

पहिल्या बादलीशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते.
साक्सौलच्या सावल्या खोडाशी गोळा झालेल्या.

बाविसाव्यात ती होती.
कान अजून मऊ. उजेडाकडे धरले तर
शिरा दिसत होत्या, एकेक, कोवळ्या पानात दिसतात तशा.
वजन एकोणतीस ग्रॅम. मादी.
ही बादली तिला एका उडीचं काम.
का मारली नाही उडी, याला तक्त्यात जागा नाही.
सेर्गेलेन बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "या खोऱ्यातली पहिली नोंद."
आणि स्वतःचाच आवाज ऐकून तोंड फिरवलं.

संध्याकाळी देजिदमा दही घेऊन आली.
कापसावर ठेवलेली पाहिली.
"अलागदागा," म्हणाली, शेजारणीचं नाव घ्यावं तसं.
"माझ्या तंबूमागे असतात. चंद्र नसला की येतात.
सासू दिवा धरायची, तर दिव्यावरचे किडे खाऊन जायच्या.
विचारलं असतंत तर सांगितलं असतं."
जरा थांबून, "मग आता तुमच्या वहीत
ही इथे राहते का?"
हो म्हटलं. आजपासून.
"बरं झालं," ती म्हणाली.
"इतकी वर्षं कुठे राहत होती कोण जाणे."
हसली नाही.

तपासणीस उशीर झाल्यास कारण,
असा एक रकाना आहे, दोन बोटं रुंद.
कंदिलाशी बसून मी आधी लिहिलं: स्थानिकांना मदत.
खोडलं. फार चांगलं दिसत होतं.
मग: वाहनात बिघाड. तेही खोडलं, खोटं होतं.
मग लिहिलं: शेळी.

दहाव्या पहाटे साडेतीनलाच निघालो.
बादल्या रिकाम्या. तीस शून्यं, वळणदार.
एकविसाव्या आणि बाविसाव्याच्या मध्ये
आम्ही खुणेला बांधलेली लाल फीत
ती शेळी निवांत चघळत उभी होती,
आणि कासेला तिचं करडू, धक्क्यावर धक्के देत.